समासातले दोनशे बारा क्रूस

मी, ओरेस्ट पावलो हाव्रिलुक, वय वर्षे एकोणपन्नास, राहणार केलर्टन, प्रांत सास्काचेवान, येथील रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात सव्वीस वर्षे मदतनीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती नको तितकी चांगली आहे. मी कसलीही नशा केलेली नाही. काल थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणातसुद्धा कोबीच्या पानात गुंडाळलेल्या भाताचे दोनच घास घेतले, कारण त्याहून जास्त आता पोटात ठरत नाही. हे लिहावे म्हणून माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. लिहू नये म्हणून घरच्यांनी आणला होता. तो मी मानला नाही.

कारण असे की माझ्या मोठ्या आतड्यात गाठ आहे. ती उद्या बुधवारी सकाळी डॉ. स्टेफानिया बिलिंस्की काढणार आहेत. त्यांची निवड मी केली आहे. गेल्या आठवड्यात मी तपासणीसाठी दाखल असताना रुग्णालयाचे व्यवस्थापक श्री. प्रिडी कॉफीचा कप घेऊन माझ्या खाटेवर बसले आणि म्हणाले, "ओरेस्ट, तुला सास्काटूनला पाठवतो. गाडी आमची."

"तिथं काय वेगळं करणार?"

"तसं नाही रे. गाठ मोठी आहे. बाईमाणूस. ऐन वेळी हात थरथरला तर?"

"पंधरा वर्षं तो हात बघतोय मी. थरथरताना कधी पाहिला नाही. तुमचा कप मात्र माझ्या चादरीवर सांडतोय."

तर हे मृत्युपत्र. यापूर्वी मी दुसरे केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही. जे रद्द करायचे आहे ते याच कागदात पुढे येईल.

कलम १. पॉप्लर रस्त्यावरचे घर, त्यातले सामान, मागची भाजीच्या वाफ्यांची जागा आणि कोंबड्या हे सर्व माझी पत्नी नास्त्या हिचे. तिलाच मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमतो. ती म्हणते, "मला काही नको, तू परत ये." पण कायद्याच्या कागदात असे लिहून चालत नाही. पूर्वेकडच्या भिंतीवरची देवाची तसबीर आणि तिच्यावरचा माझ्या आईने भरलेला रुमाल तिथून हलवू नये. बाकी तिला हवे तसे करावे. माझी जुनी खुर्ची तिने आजच बाहेर टाकली तरी माझी हरकत नाही. वीस वर्षे ती तेच म्हणत आहे.

कलम २. पतपेढीत जे काही साठले आहे ते माझी मुलगी दारका हिच्या वैद्यकीय शिक्षणासाठी. फक्त शिक्षणासाठी. माझी बहीण, काका, चर्चमधल्या बायका यांपैकी कोणी "मुलीच्या लग्नाला ठेवा हो" असे म्हणाले, तर नास्त्याने त्यांना कॉफी द्यावी आणि पैसे देऊ नयेत.

कलम ३. माझी सुताराची हत्यारे, म्हणजे करवती, पटाश्या, गिरमिट आणि लहान रंधा, हीसुद्धा दारकाची. तिने परवा विचारले, "तातो, मी डॉक्टर होणार आहे की सुतार?" मी म्हणालो, "तुला पाट लागेल." ती हसली. तिला कळले नाही म्हणून कलम ४ लिहीत आहे. मोठा रंधा माझा शेजारी वॉल्टर टेटलॉ याने १९८७ साली आठ दिवसांसाठी नेला. वॉल्टर या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि कायद्याप्रमाणे साक्षीदाराला त्यातून काही देता येत नाही. तेव्हा वॉल्टर, रंधा आणून दे.

कलम ४. मेपलच्या लाकडाचा पाट. हा मी १९७९ च्या नोव्हेंबरात केला. स्टेफानिया त्या वर्षी शस्त्रक्रियेचे शिक्षण पुरे करून आमच्या गावी परतली. आम्ही एकाच खोलीच्या, एकाच मास्तरणीच्या शाळेत शिकलेलो, म्हणून मी तिला पुढे नावाने आणि एकेरीत लिहितो. तिने त्याचे वाईट वाटून घेऊ नये. रुग्णालयात मी तिला एकदाही 'डॉक्टर' म्हटल्यावाचून हाक मारलेली नाही, आणि असे म्हणणारा बरीच वर्षे मी एकटाच होतो.

शस्त्रक्रियेचे टेबल त्या वेळी मुख्य सर्जन डॉ. हॅरल्ड लाँगमूर यांच्या उंचीला लावलेले असे. ते सहा फूट दोन इंच. स्टेफानिया पाच फूट एक इंच. टेबल खालीवर करण्याचा दांडा होता, पण डॉ. लाँगमूर यांनी सांगितले होते की तो हलवायचा नाही, त्यांची सवय मोडते. पहिला महिना तिने टाचा उंचावून पोटे उघडली. मग मी तिला पायाखाली घ्यायला पाट केला. डॉ. लाँगमूर येता-जाता तो पायाने भिंतीकडे ढकलत आणि म्हणत, "फर्निचरचं दुकान काढलंय का इथं?" मी तो परत आणून ठेवी. पंधरा वर्षे आमचा हा व्यवहार बोलल्यावाचून चालला. मधल्या एका वर्षी ती गरोदर होती, तेव्हा पोटामुळे तिला टेबलापासून लांब उभे राहावे लागे. मी पाटाला मागून चार बोटे फळी जोडली. जोड अजून दिसतो. त्याच वर्षी शस्त्रक्रियांच्या यादीतून तिचे नाव काढले. "आता बाळ सांभाळ," असे तिला सांगण्यात आले. पुढे सर्जन म्हणून आलेले डॉ. फेनविक तीन मुलांचे बाप झाले. त्यांना काय सांभाळावे हे कोणी सांगितले नाही.

पाट स्टेफानियाचा. तिला नको असल्यास दारकाचा. दारकाची उंची पाच फूट दोन इंच आहे.

कलम ५. कपडे बदलण्याच्या खोलीच्या दारावरची पितळी पाटी. आमच्याकडे दोन दारे होती. एकावर 'डॉक्टर' आणि दुसऱ्यावर 'नर्स'. पहिल्या दारामागे पुरुष कपडे बदलत, कॉफी पीत आणि कोणती शस्त्रक्रिया कोणी करायची ते ठरवीत. स्टेफानिया दुसऱ्या दारामागे, चादरींच्या कपाटाशेजारी बदलत असे, आणि काय ठरले ते तिला माझ्याकडून कळे. १९९१ साली रंगकाम निघाले तेव्हा मी पहिली पाटी काढली आणि परत लावली नाही. ती माझ्या तळघरात खिळ्यांच्या डब्यात आहे. ती मी चोरली, हे कबूल करतो. ती रुग्णालयाच्या संचालक मंडळाला परत द्यावी. स्क्रू सोबत आहेत.

कलम ६. हंसाची तंगडी. ही देता येण्यासारखी वस्तू नाही, कारण ती मी खाल्ली. पण हे लिहिल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

१९८२ च्या हिवाळ्यात एका शनिवारी दुपारी प्रोकोप लुचाक नावाचा म्हातारा शेतकरी आतडे फुटून आला. डॉ. लाँगमूर बर्फावरच्या कर्लिंगच्या सामन्याला गेले होते. स्टेफानिया त्याच्या उशाशी गेली. तो विव्हळत म्हणाला, "सिस्टर, ए सिस्टर, डॉक्टर कधी येणार गं?"

"डॉक्टर आलेत. हात बाजूला घ्या."

"कुठायत?"

"तुमच्या पोटावर हात कुणाचा आहे?"

"तुझा."

"मग आता गप्प पडा."

चार तास ती पाटावर उभी होती. म्हातारा जगला. आठवड्याने चालायला लागल्यावर त्याने घरून एक पोसलेला हंस आणवला आणि तो डॉ. लाँगमूर यांच्या दारी नेऊन दिला, जीव वाचवल्याबद्दल. त्या दिवशी डॉ. लाँगमूर यांनी काय करायला हवे होते ते मला ठाऊक आहे. त्यांनी हंस भाजला. माझ्यासाठी एक तंगडी कागदात गुंडाळून आणली. "घे रे ओरेस्ट, तूही होतास ना तिथं." मी ती जिन्याखाली बसून खाल्ली. चांगली झाली होती.

न्यायाने हेही लिहायला हवे की माझी नोकरी डॉ. लाँगमूर यांच्या शब्दावर लागली आणि माझ्या आईला त्यांनी न्यूमोनियातून वाचवले. ते वाईट डॉक्टर नव्हते. म्हणूनच मला त्यांना 'नाही' म्हणता आले नाही. पण हे कारण आहे, सबब नाही.

कलम ७. शस्त्रक्रियांची नोंदवही. १९७९ ते १९९१ च्या चार जाड वह्या रुग्णालयाच्या तळघरात, जुन्या चादरींच्या मागे, तिसऱ्या फळीवर आहेत. त्या माझ्या नाहीत, म्हणून मी त्या कोणाला देऊ शकत नाही. पण त्यांतले अक्षर माझे आहे. त्यानंतरच्या नोंदी सर्जन स्वतः करू लागले.

माझे अक्षर वळणदार आहे, म्हणून मदतनीस असूनही वही माझ्याकडे दिली होती. रुग्णाचे नाव, काय केले, किती वेळ, आणि शेवटच्या रकान्यात सर्जन. स्टेफानिया आली त्या आठवड्यात डॉ. लाँगमूर म्हणाले, "ओरेस्ट, ती नवीन आहे. मोठ्या शस्त्रक्रियेला नाव ज्येष्ठाचं घालायचं. तिचं नाव 'सहाय्यक' म्हणून टाक."

"तुम्ही नसलात तरी?"

"मी नसलो तरी जबाबदारी माझीच ना?"

मी घातले. प्रोकोप लुचाकच्या पुढे मी 'डॉ. एच. लाँगमूर' लिहिले, जेव्हा ते बर्फावर दगड सरकवत होते. मग १९८५ साली डॉ. फेनविक आले. तेही नवीन होते, तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. मी त्यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेला सवयीने ज्येष्ठाचे नाव घातले. डॉ. लाँगमूर यांनी ते पाहून माझ्या देखत खोडले. "अरे, त्याची कारकीर्द आहे. त्याचं नाव लिही."

तेव्हा मला कळायला हवे होते, पण खरे सांगायचे तर मला पहिल्या दिवसापासूनच कळत होते. मला खोटे लिहिणे जड जाई. म्हणून ज्या ज्या शस्त्रक्रियेत चाकू स्टेफानियाच्या हातात होता आणि नाव दुसऱ्याचे लिहावे लागले, त्या ओळीशेजारी, डावीकडच्या समासात, मी पेन्सिलीने एक बारीक क्रूस काढत असे. आमच्या चर्चवर असतो तसा, तीन आडव्या रेघांचा. देवाला कळावे म्हणून. कोणी विचारले तर सांगणार होतो, रुग्णासाठी प्रार्थना केल्याची खूण. कोणी विचारले नाही.

हे क्रूस दोनशे बारा आहेत.

१९८३ साली स्टेफानियाने मंडळाकडे तक्रार केली, की तिच्या शस्त्रक्रिया दुसऱ्याच्या नावावर लागतात. मंडळाने वही मागवली आणि मला बोलावले. पाच पुरुष बसले होते. मधल्याने विचारले, "हे अक्षर तुझं?"

"हो."

"नोंदी बरोबर आहेत?"

ती माझ्या डावीकडे उभी होती. मी तिच्याकडे पाहिले नाही.

"हो," मी म्हणालो.

त्यानंतर अकरा वर्षांत ती मला त्याबद्दल एक शब्द बोललेली नाही. दारकाच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया तिने केली. टाका इतका बारीक आहे की आता शोधावा लागतो.

आता डॉ. लाँगमूर निवृत्त होत आहेत. येत्या सोमवारी, सतरा तारखेला, मंडळ नवा मुख्य सर्जन नेमणार. अट अशी की उमेदवाराने पोटाच्या दीडशे मोठ्या शस्त्रक्रिया स्वतःच्या नावावर केलेल्या असाव्यात. डॉ. फेनविक यांच्या नावावर एकशे एकाहत्तर आहेत. स्टेफानियाच्या नावावर चौसष्ट. मंडळाने तिला पत्र पाठवले आहे, "अनुभव अपुरा." माझ्या अक्षराने तो अपुरा झाला आहे.

म्हणून मी असे ठरवतो, की माझ्या मृत्यूनंतर नास्त्याने हे कलम मंडळापुढे वाचावे, म्हणजे समासातल्या क्रुसांचा अर्थ सर्वांना कळेल. मी जगलो तर हा कागद ट्रंकेत

[वरचा परिच्छेद, "म्हणून मी असे ठरवतो" पासून, मी स्वतः खोडला आहे. खोडाखोड माझी. ओ. पा. हा.]

इथवर मी पहाटे लिहिले होते. आज मंगळवारी सकाळी तपासणीला गेलो तेव्हा कागद सोबत नेला. वाटले, उद्या स्टेफानिया मला कापणार आहे, तर तिला माहीत असावे. ती उभ्याउभ्याच वाचायला लागली, मग बसली. वाचून झाल्यावर चष्मा काढून पुसला.

"क्रूस," ती म्हणाली. "मला वाटायचं तू प्रार्थना करतोस."

"तीपण करायचो."

"आणि हे कधी वाचायचं? तू मेल्यावर?"

"हो."

"उद्या मेलास तर सोमवारी मी मुख्य सर्जन."

"तसं नाही गं..."

"आणि जगलास तर?"

 माझ्या नोकरीची सहा वर्षे उरली आहेत. खोट्या नोंदी केल्याचे कबूल केले तर ती जाईल, कदाचित निवृत्तिवेतनही. तिला ते सांगावे लागले नाही.

"वा, ओरेस्ट! काय सोय केलीस! माझा हात नीट चालला तर माझं खरं तुझ्या ट्रंकेत गेलं. चुकला तरच बाहेर येणार. मग उद्या मी काय देवाकडे मागू, सांग ना?"

"स्टेफ्का..."

"मला मेलेल्याची साक्ष नको. ज्या तोंडानं 'हो' म्हणालास ते तोंड अजून चालतंय. चल, आडवा हो. पोट दाखव."

तिचा हात गार होता आणि अजिबात थरथरत नव्हता. सगळे नीट तपासून, जिथे दुखते तिथे हलके दाबून, तिने मला सदरा खाली ओढायला सांगितला. म्हणजे मी काहीही ठरवले तरी ती उद्या तितक्याच काळजीने कापणार. ते मला ठाऊक होते. तेच सहन झाले नाही.

तिथून मी घरी आलो नाही. चर्चमध्ये गेलो, थोडा वेळ गुडघ्यांवर बसलो.  एवढेच उमगले की ज्याला मी बारा वर्षे पेन्सिलीने कळवत होतो, त्याला ते आधीपासून माहीत होते. कळवायचे दुसऱ्यांना होते.

कलम ७, नव्याने. या मृत्युपत्रातली बाकी सर्व कलमे माझ्या मृत्यूनंतर लागू होतील. हे एक कलम माझ्या मरणासाठी थांबणार नाही. ते आज, अकरा ऑक्टोबरला, मी चालता-बोलता असताना लागू झाले आहे.

मी शपथेवर सांगतो की ज्या दोनशे बारा नोंदींपुढे समासात क्रूस आहे, त्या शस्त्रक्रिया डॉ. स्टेफानिया बिलिंस्की यांनी केल्या. सर्जनच्या रकान्यातले नाव मी सांगण्यावरून घातले आणि ते खोटे आहे. १९८३ साली मंडळापुढे मी 'हो' म्हणालो तेही खोटे होते. दोनशे बारा अधिक चौसष्ट म्हणजे दोनशे शहात्तर. मंडळाने पुन्हा बेरीज करावी.

शस्त्रक्रिया विभागाच्या परिचारिका बर्निस टॉफ्ट त्यांपैकी एकशे चाळीसहून अधिक वेळा समोर उभ्या होत्या आणि त्यांनी तसे वेगळे लिहून दिले आहे. त्यांनी सही करताना मला विचारले, "इतकी वर्षं कुठं होतास रे?" मी म्हणालो, "तुझ्या शेजारी." त्या म्हणाल्या, "मग मीही तिथंच होते," आणि टंकलेखनयंत्र पुढे ओढले.

आम्ही या कलमाच्या तीन प्रती केल्या. दुपारी दोन वाजता मी पहिली प्रत श्री. प्रिडी यांच्या टेबलावर ठेवली. ते म्हणाले, "ओरेस्ट, हे परत घे. आजारी आहेस, घाबरलायस. तुझी नोकरी जाईल, कळतंय का?" मी म्हणालो, "कळतंय. पोच द्या." दुसरी प्रत मंडळाच्या अध्यक्षांना त्यांच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर दिली. तिसरी डॉ. लाँगमूर यांना घरी नेऊन दिली. त्यांनी दारातच वाचली.  मग म्हणाले, "तुझ्यासाठी मी इतकं केलं." मी म्हणालो, "हो डॉक्टर, केलंत. तंगडीसुद्धा दिलीत." त्यांना तंगडी आठवली नाही.

त्यांच्यासाठी या मृत्युपत्रात क्षमा ठेवलेली नाही, कारण ती माझ्याकडची वस्तू नाही. ती ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे त्यांनी मागावी. मलाही तिथेच मागायची आहे.

कलम ८. उद्या माझे काही बरेवाईट झाले, तर ते गाठीमुळे झाले असे समजावे. गाठ माझी आहे आणि मी ती चार महिने लपवली, कारण मला गोष्टी लपवायची सवय होती. नास्त्या, दारका किंवा दुसऱ्या कोणी डॉ. बिलिंस्की यांच्या हाताला बोल लावू नये. आणि श्री. प्रिडी यांनी, किंवा ज्यांना सोमवारपूर्वी असे काही घडले तर बरे वाटेल त्यांनी, तर तोंडसुद्धा उघडू नये. मी पूर्ण शुद्धीत, तिला पंधरा वर्षे पाहून, तिच्या टेबलावर चढत आहे. टेबल तिच्या उंचीला लावलेले असेल. दांडा मी आज स्वतः फिरवून आलो.

कलम ९. निळे फाउंटन पेन. १९५८ साली आमच्या शाळेत आठवीच्या परीक्षेत स्टेफानिया पहिली आली आणि मी दुसरा. तपासनीस साहेबांनी पेन मला दिले. म्हणाले, "मुलगा पुढे शिकेल." मी पुढे शिकलो नाही. ती शिकली. मी त्या पेनाने ती बारा वर्षांची वही लिहिली, आणि आज हा कागदही. छत्तीस वर्षे ते माझ्या खिशात चुकून राहिले आहे. माझी आणि साक्षीदारांची सही होताच ते तिला द्यावे. हेसुद्धा माझ्या मरणासाठी थांबणार नाही.

एवढे लिहून मी थांबतो. देवाची इच्छा असेल तर बाकीची कलमे बराच काळ बिनकामाची पडून राहतील.

ठिकाण: केलर्टन, सास्काचेवान
मंगळवार, ११ ऑक्टोबर १९९४, सायंकाळी साडेपाच

(सही) ओरेस्ट पावलो हाव्रिलुक

वर सही करणाऱ्याने आम्हा दोघांच्या देखत, आमच्याशी नीट बोलत, एक विनोदही करत सही केली. आम्ही त्याच्या आणि एकमेकांच्या देखत सही करत आहोत. आम्हाला यातून काही मिळणार नाही.

(सही) बर्निस टॉफ्ट, परिचारिका
(सही) वॉल्टर टेटलॉ, शेतकरी. रंधा आणून दिला आहे.

पेन मिळाले. निब वाकडे झाले आहे, पण चालते.
उद्या सकाळी सात वाजता, उपाशीपोटी ये. उशीर करू नकोस. सोमवारी मंडळापुढे तू माझ्या उजवीकडे उभा राहायचे आहेस, आणि मला तुला सोमवारपर्यंत चालता करायला पाचच दिवस आहेत.

(सही) डॉ. स्टेफानिया बिलिंस्की, सर्जन